दुखत नसलेल्या दाढा

डोळखांबचा देवराम हळदी-लग्नांना मंडप, भोंगे आणि जनरेटर पुरवायचा. शाळेत दातांच्या डॉक्टर येणार म्हणून सकाळी त्याच्या बायकोनं, सरस्वतीनं, विषय काढला.

"कुणालीला नव्या दाढा आल्यात. त्यांना लेप लावतात म्हणं. कीड लागत नाय."

"दाढ दुखते का तिची?"

"नाय."

"मंग दुखंल तवा बघू." एवढं बोलून देवराम टेम्पोत जनरेटर चढवायला गेला. रात्री पलीकडच्या पाड्यावर हळद होती.

लेप नाही तर नाही, निदान तपासून तरी घेऊ, म्हणून सरस्वती लेकीला घेऊन शाळेत गेली.

दुपारी ती धापा टाकत एकटीच परत आली. शाळेची वीज गेली होती. दाढेवरचा लेप निळ्या दिव्याखाली घट्ट होतो आणि दिवा चालतो विजेवर. अर्धी पोरं तशीच खोळंबली होती.

"डॉक्टरीणबाईंनी जनरेटर मागितलाय."

"आनि हळदीचं काय?"

"हळद रातची हाय. पोरं आता बसल्यात."

देवराम कुरकुरला, पण टेम्पो त्यानं शाळेकडंच वळवला. जनरेटर धडधडू लागला, वर्गातला पंखा फिरला आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. जनरेटर सोडून जाता येईना, म्हणून देवराम दारातच टेकला.

त्याला वाटलं होतं, आत पकड असेल, रडारड असेल. पण नम्रता डॉक्टर पोराच्या गालात कापूस ठेवत, दाढ साफ करून कोरडी करत, वर पातळसा थेंब सोडत आणि निळा दिवा धरत. पोरगं उठून पळे.

"एवढंच?" देवरामनं विचारलं.

"एवढंच. नव्या दाढेवर खोल खाचा असतात. त्यात खाऊ अडकतो, ब्रश पोचत नाही. खाच आधीच बुजवली, तर कीड शिरायला वाव कमी."

"मंग माज्या दाढेला पन लावा."

डॉक्टरांनी बॅटरी धरून बघितलं. "तुमच्या दाढेत आता खाच नाही, खड्डा आहे. तुम्ही शहापूरला दाखवा."

पोरांसोबत आलेल्या बाया हसल्या. देवरामही हसला, पण तोंड मिटून.

बाकाच्या टोकाला कुणाली बसली होती. बाबांनी नाही म्हटल्यामुळे तिचा नंबरच लागला नव्हता. "बाबा, मी?" तिनं हळूच विचारलं.

"तू पन बस गो," तो म्हणाला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. दाढ साफ करायचं औषध जिभेला लागलं तसं तिनं तोंड वाकडं केलं आणि त्याचं बोट घट्ट धरलं. चारही दाढा होईपर्यंत ते सोडलं नाही.

हळदीला जनरेटर उशिरा पोचला. नवरदेवाच्या मामानं चारचौघांत बोल लावले. देवराम वायरी जोडत राहिला.

त्या हिवाळ्यात तो शहापूरला जाऊन दाढ काढून आला आणि दोन दिवस नुसत्या पेजेवर राहिला. पुढच्या वर्षी डॉक्टर पुन्हा आल्या, तेव्हा कुणालीला शाळेत तोच घेऊन गेला. एका दाढेवरचा लेप थोडा निघाला होता, तो त्यांनी परत लावला. कीड कुठंच नव्हती.