शून्याच्या रकान्यातली पुस्तकं

“शकुमावशी, खरं सांगायचं हं. ह्या कपाटांतली किती पुस्तकं तुम्ही स्वतः वाचलीत?”

प्रश्न रुचिराने विचारला, पण पैज श्वेता आणि मेलनीने लावलेली. दोघी मासिकांच्या रॅकमागे तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानाही जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही, ती रुचिरा जानेवारीत आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली, आणि तेव्हापासून तिला कोणाचं भय म्हणून राहिलं नव्हतं. मुख्याध्यापिकांना ती प्रश्न विचारायची, रिक्षावाल्याशी भांडायची. वाचनालयाची शिपाईबाई तर काय!

शकुमावशीने टेबल पुसता पुसता तिच्याकडे बघितलं. हात थांबला नाही.

“एकपण नाय,” ती म्हणाली. “धा पानं झाली की माझो डोळो लागता.”

रॅकमागे फस्सकन हसू फुटलं.

“हसा गो, हसा. मी वाचूक नाय, पण कोण काय वाचता ता विचार माका. ता लाल पुठ्ठ्याचा दिसता? भुताचा पुस्तक. तीन बायकांची झोप घालवल्यान त्यान. एक तर नवऱ्याक उठवून संडासाक जायची.”

आता तिघीही हसल्या, आणि पैज कोणी जिंकली हे रुचिराच्या लक्षातच राहिलं नाही.

कांजूरमार्गच्या पूर्वेला, गावठाणाच्या तोंडाशी असलेल्या ह्या वाचनालयात शकुंतला परब सव्वीस वर्षं कामाला होती. कागदोपत्री शिपाई. ग्रंथपाल निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, जागा काही भरली गेली नव्हती. तेव्हापासून शटर उघडणं, झाडणं, पेपर लावणं, पुस्तक देणं, घेणं, फाटलेलं चिकटवणं, सगळं शकुमावशीच. वारा फिरला आणि डम्पिंग ग्राउंडचा वास आला की खिडक्या लावणंही तिचंच.

आणि ह्या उन्हाळ्यात वाचनालयाचं नशीब उघडलं. देशभरातली वाचनालयं आधुनिक करायची, लोकांना वाचायची गोडी लावायची, अशी एक मोठी योजना आली, आणि तिच्यात ह्या वाचनालयाचं नाव लागलं. गळ्यात ओळखपत्राची निळी फीत घातलेले हर्षद सर आले, दोन कॉम्प्युटर आले, नववीची परीक्षा संपलेल्या मुली स्वयंसेवक म्हणून आल्या. प्रत्येक पुस्तकाचा नंबर, नाव, मागच्या चिठ्ठीवरच्या तारखा मोजून कॉम्प्युटरमध्ये भरायच्या आणि बारकोडचा स्टिकर चिकटवायचा. श्वेता दिवसाला शंभर पुस्तकं करायची, मेलनी गाणी गुणगुणत ऐंशी. रुचिरा तीनशे! हर्षद सर म्हणायचे, “ही पोरगी म्हणजे रॉकेट आहे.” स्टिकर कुठे लावायचा हेसुद्धा रुचिरानेच सुचवलं होतं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत, वरच्या कोपऱ्यात. म्हणजे बाहेरचं चित्र झाकलं जात नाही. सरांनी लगेच मान्य केलं.

त्याच कोपऱ्यात बऱ्याच पुस्तकांवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. चार उभ्या, एक तिरकी. पुन्हा चार उभ्या, एक तिरकी. पहिल्याच आठवड्यात रुचिराने विचारलं होतं, “मावशी, ह्या कसल्या रेघा?”

शकुमावशीने आधी हर्षद सरांकडे बघितलं होतं. मग म्हणाली होती, “पोरांनी मारलेल्यो रेघोट्यो. लाव वर स्टिकर.”

रुचिराने लावला. एकावर एक, तीनशेच्या वेगाने.

महिन्याभरात काम संपलं. हर्षद सरांनी एक बटण दाबलं आणि गेल्या पाच वर्षांत एकदाही कोणी न नेलेल्या पुस्तकांची यादी पडद्यावर आली. एक हजार एकशे बारा. प्रत्येकासमोर शेवटच्या रकान्यात शून्य.

“बघितलंत? डेटा बोलतो,” सर म्हणाले. “एवढी पुस्तकं नुसती जागा अडवून बसली होती. ही गेली की तीन कपाटं निघतात. तिथे एसी अभ्यासिका, खाली बीनबॅग, कोपऱ्यात टचस्क्रीन. लोक स्वतः पुस्तक घेतील, स्वतः परत करतील. झकास ना?”

“एकदम झकास, सर!” रुचिरा म्हणाली होती. रविवारी उद्घाटन होतं. त्यात तिचा ‘वाचनदूत’ म्हणून पट्टा घालून सत्कार होणार होता, आणि चार मिनिटांचं भाषण. विषय, माझं वाचनालय. भाषण तिचं कधीच पाठ झालं होतं.

ती एक हजार एकशे बारा पुस्तकं सुतळीने बांधून दाराशी रचली गेली. गुरुवारी रद्दीचा टेम्पो येणार होता.

बुधवारी दुपारी गावठाणातली ल्युसी आंटी आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पुस्तक. पुस्तक देण्याघेण्याचं नवीन मशीन बघून तिने कपाळावर क्रूस केला.

“शकू, आज मशीनला देऊ काय गं पुस्तक?”

शकुमावशी झटकन पुढे झाली. “नको ल्युसी, माझ्याकडे दी.” पण तोवर रुचिरा उठली होती. मशीन दाखवायची तिला कोण हौस!

“या ना आंटी, मी शिकवते. कार्ड आहे?”

“कसलं कार्ड, बाय? कार्डाला लाइट बिल लागतं. बिल माझ्या भावाच्या, ज्युलियसच्या नावावर. आणि ज्युलियस आठ वर्षं माझ्याशी बोलत नाय.”

रुचिराला हे जरा विचित्र वाटलं, पण तिने पुस्तक हातात घेतलं. स्टिकरच नव्हता. मग पहिल्या पानावरचा नंबर तिने टाइप केला. पडद्यावर लाल अक्षरं आली. ‘गहाळ.’

“गहाळ?” ल्युसी आंटी पडद्यावर खेकसली. “मेल्या, डोळे फुटले काय तुझे? हातात हाय ना तिच्या!” मग शकुमावशीकडे वळली. “जाऊ दे. ह्याचा दुसरा भाग दे गं. आमचा नंबर कधीपासून लागलाय. माझ्यानंतर त्या चाळीतल्या शेवंताचा, मग वॉचमन दादूचा. दादू तर रोज इचारतो, गोष्टीतली ती पोरगी घरी परत गेली काय.”

दुसरा भाग. रुचिराला तो आठवत होता, कारण नाव लांबलचक होतं आणि टाइप करताना दोनदा चुकलं होतं. ती दाराशी रचलेल्या गठ्ठ्यांकडे गेली. चौथ्या गठ्ठ्यात तिसरं. सुतळी ताणून तिने ते बाहेर ओढलं, मागचा पुठ्ठा उघडला. तिचाच स्टिकर. यादीत शून्य.

तिने नखाने स्टिकरचा कोपरा उचकटला. हळूच ओढला. गोंद चांगल्या कंपनीचा होता. स्टिकरबरोबर पुठ्ठ्यावरचा कागदही सोलून निघाला आणि खाली राहिला फक्त करडा, केसाळ चौकोन. काठाला, जिथे स्टिकर पोचला नव्हता, तिथे पेन्सिलीच्या दोन रेघा वाचल्या होत्या. बाकीच्या किती होत्या, दहा की पन्नास, ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

पण रुचिरा आता गप्प बसणाऱ्यांतली मुलगी राहिली नव्हती ना! ती तडक हर्षद सरांच्या टेबलाशी गेली.

“सर, मोठी चूक झालीये. ती बाद केलेली पुस्तकं लोक वाचतात. खूप वाचतात!”

सरांनी लॅपटॉपवरून मान वर केली. “कोण लोक?”

“म्हणजे... येतात ना, घेऊन जातात.”

“मग एंट्री का नाही? एंट्री तू केलीस ना?” सर रागावले नव्हते, उलट हसत होते. “हे बघ, मला नावं दे. कोणी, कधी, कुठलं पुस्तक नेलं. मी आत्ताच्या आत्ता यादी दुरुस्त करतो. आणि बरंच होईल, तपासणीत अठ्ठावन्न पुस्तकं गहाळ निघालीत. ज्यांनी नियमाबाहेर नेली त्यांना वाचनालयाची समिती नोटीस पाठवेल, घरी जाऊन वसूल करेल. बोल, लिहून घेतो.”

सरांनी पेन उघडलं.

रुचिराने मागे बघितलं. ल्युसी आंटी पिशवीची घडी घालत दारात उभी होती. तिच्या पलीकडे शकुमावशी. तिने काही खूण केली नाही. हात पुसायचं फडकं दोन्ही मुठींत आवळून ती नुसती बघत होती.

“नाही सर,” रुचिरा म्हणाली. “मला आपलं वाटलं.”

“वाटण्यावर वाचनालय चालत नाही, रॉकेट,” सर म्हणाले आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये गेले.

दुसरा भाग रुचिराने परत गठ्ठ्यात सरकवला आणि ल्युसी आंटी रिकाम्या हाताने गेली. सर चहाला बाहेर पडल्यावर रुचिराने शकुमावशीला मागच्या मोरीपाशी गाठलं.

“तुम्ही बोलला का नाहीत? मी विचारलं होतं ना, ह्या रेघा कसल्या? एकदा सांगितलं असतंत तर मी शून्य घातलंच नसतं!”

“काय सांगतलं असतं? कार्ड नाय, कागद नाय, त्यांका मी पुस्तकां दितंय म्हणून? सव्वीस वर्षां दितंय. भांडीवाल्यो, वॉचमन, भाड्यान रवणारे. भाड्यान रवणाऱ्याक खंयचा लाइट बिल? एक परत केल्यार दुसरा. पुस्तक गेला की मागे एक रेघ. तेवढोच माझो हिशोब.” ती नळाखाली फडकं पिळत होती. “माका वाटला, मशीन येतला नि जातला. रेघा बघून पुस्तकां रद्दीत घालतले, ह्या माका कोणी सांगूक नाय.”

“रेघा बघून नाही, मावशी. रेघा न बघता.”

“ताच ता.”

रुचिराने एकदम आठवून विचारलं, “आणि ती अठ्ठावन्न गहाळ?”

“लोकांच्या घरात आसत. येतली हळूहळू.” शकुमावशीने फडकं दांडीवर झटकून घातलं. “समितीन माका इचारल्यानी. मी लिवन दिलंय, माझ्या हलगर्जीन हरवली म्हणून. महिनाअखेर माका सुट्टी.”

“म्हणजे नोकरी गेली?”

“आता मशीनच पुस्तक देता, मशीनच घेता. माझा काय काम?”

“मी बोलणार!” रुचिराचा आवाज मोरीत घुमला. “रविवारी स्टेजवर सगळे असतील. समिती, पाहुणे, पेपरवाले. मी ते फालतू भाषण करणारच नाही. खरं काय ते सांगणार. सगळ्यांसमोर!”

शकुमावशीने तिच्या तोंडावर हात ठेवला नाही, की ती तिला ओरडली नाही. ओल्या हाताने तिची बट कानामागे सारली.

“सांगशील गो. आणि पाहुणे इचारतले, कोण ते लोक. मगे? दादूक वाचनालयाची नोटीस इली तर त्याचो साहेब म्हणतलो, चोर गेटवर कशाक व्हयो? शेवंता ज्या घरात भांडी घासता, तेनी कपाटाक कुलूप घालतले.” तिने नळ घट्ट बंद केला. “तुझो आवाज चांगलो आसा. पण ह्या कामाक नको.”

गुरुवारी टेम्पो आला. रद्दीवाला गठ्ठे उचलून आत भिरकावायला लागला, तेव्हा शकुमावशी म्हणाली, “थांब जरा.” आणि दाराशी उभी राहून प्रत्येक गठ्ठ्याचा वरचा पुठ्ठा कोरड्या फडक्याने पुसून मग त्याच्या हातात द्यायला लागली.

“मावशी, रद्दीला कशाला पुसताय? लगदा होणार ह्याचा,” रद्दीवाला वैतागला.

“वर धूळ आसा,” ती म्हणाली.

श्वेता आणि मेलनी अभ्यासिकेच्या नव्या बीनबॅगवर उड्या मारून फोटो काढत होत्या. “रुचू, ये ना यार!” मेलनीने हाक मारली. रुचिरा दाराशी शकुमावशीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि गठ्ठे पुढे सरकवत राहिली. ल्युसी आंटीचा दुसरा भाग होता त्या गठ्ठ्याला तिने हात लावला तेव्हा एकदा वाटलं, सुतळीतून ओढून काढावा. पण हर्षद सर टेम्पोपाशी यादी घेऊन प्रत्येक गठ्ठ्यावर टिकमार्क करत होते. बाद केलेलं एकही पुस्तक बाहेर जाता कामा नये, असा नियम होता. तिनेच भरलेल्या नंबरांवर एकेक खूण पडत गेली. एक हजार एकशे बारा भरले, तेव्हा सर म्हणाले, “परफेक्ट. एकाची पण चूक नाही.”

शनिवारी संध्याकाळी रुचिराच्या घरी लग्नघराची गडबड होती. आईने नव्या पंजाबी ड्रेसला इस्त्री करून तो कपाटाच्या दाराला लटकवला होता. मानखुर्दची आत्या सकाळीच येणार होती. पप्पा कांद्याची भजी खात खात फोनवर कोणाला तरी सांगत होते, “अरे, आपली रुचू. हो, तीच, जी पाहुणे आले की आतल्या खोलीत पळायची! उद्या स्टेजवर भाषण ठोकणार आहे. ये तू, पुढची खुर्ची धरून ठेवतो.”

रुचिरा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. फोन संपेपर्यंत थांबली.

“पप्पा, मी उद्या भाषण करणार नाही. सत्कार पण नको मला.”

पप्पांच्या हातातलं भजं तसंच राहिलं. “म्हणजे काय? काय झालं? कोणी काही बोललं का तुला?”

“नाही.”

“मग? अगं, सगळ्यांना सांगून झालंय. आत्या येतेय. काहीतरी कारण असेल ना!”

रुचिराने तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं. रेघा, स्टिकर, शून्य, दादू, शेवंता. चार मिनिटं पुरली असती, आवाजही खणखणीत लागला असता. आणि मग पप्पा शर्ट चढवून तडक समितीच्या अध्यक्षांच्या घरी गेले असते, कारण पप्पा तसेच होते. तिने तोंड मिटलं.

आई गॅस बारीक करून बाहेर आली. तिने मुलीकडे नीट बघितलं आणि तिचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, “पुन्हा तसंच व्हायला लागलं का गं? पहिल्यासारखी भीती वाटतेय?”

पप्पांनी भजं ताटलीत परत ठेवलं.

“हो,” रुचिरा म्हणाली. “भीती वाटतेय. हर्षद सरांना आत्ताच फोन करा, पप्पा. सांगा, ती येणार नाही.”