पहिल्या बटणाचा मान

दसऱ्याच्या सकाळी शालननं भाकऱ्या थापून घेतल्या, पक्कड आणि टेस्टर पिशवीत टाकले आणि धाकट्या दिराला हाक मारली. ज्योतिबा आरशासमोर भांग पाडत होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पेनानं वायर जोडतात की काय, देव जाणे!

शालन आधी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायची. नवरा हिरामण घरगुती वायरिंगची कामं करायचा. तो काविळीनं गेला आणि वर्षाच्या आत कारखान्यालाही टाळं लागलं. मग तिनं हिरामणची पिशवी खांद्याला लावली. थोडं त्याच्या हाताखाली शिकली होती, उरलेलं वाशीतल्या एका वर्गात, पोरांचं खिदळणं ऐकत शिकली. हात चांगला बसला.

पण आपल्या लोकांची अक्कल बघा! विधवेनं मोरी घासलेली यांना चालते, पोरांची ढुंगणं धुतलेली चालतात. नव्या घरात दिवा लावलेला मात्र चालत नाही. नव्या घरातलं पहिलं बटण वायरमननं दाबायचं आणि मालकानं त्याच्या हातात नारळ द्यायचा, ही तिथल्या धंद्यातली रीत. हिरामण तो नारळ घेऊन यायचा तेव्हा दारातूनच ओरडायचा, "शालन, किसणी काढ!" आता काम शालन करायची आणि शेवटच्या दिवशी नारळ घ्यायला हा भांग पाडलेला ज्योतिबा हजर व्हायचा.

"भाऊजी, आज बटन मी दाबनार," वाटेत शालन म्हणाली.

"येडी का काय वैनी? शुभकार्य हाय त्यांचं."

"काम कुनी केलंय?"

"काम येगळं आन् मान येगळा," ज्योतिबा म्हणाला. एवढं बोलताना त्याला लाजसुद्धा वाटली नाही.

कोपरखैरण्यातलं ते नवं घर सूरजचं. म्हणजे पाटीवर नाव सूरजचं. खरं तर त्याची आई चंद्राबाई हिची भातशेती सरकारनं घेतली, तिच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर ते उभं राहिलं होतं. आज वास्तुशांत. पाहुण्यांनी हॉल गच्च भरलेला, ऑक्टोबरची उष्णता आणि मुहूर्तापर्यंत दिवा-पंखा बंद. जरीच्या साड्या पाठीला चिकटल्या होत्या, पण पावित्र्य पाळायचं म्हटल्यावर घाम तर येणारच!

हिरामणची एक सवय शालननं उचलली होती. सगळं तयार झालं तरी मेन फ्यूज स्वतःच्या पिशवीत ठेवायचा आणि पहिलं बटण दाबायच्या आधीच बसवायचा, म्हणजे घाईत कुणाला शॉक लागत नाही. ती पिशवीतून फ्यूज काढणार एवढ्यात सूरजची बायको अर्पिता लगबगीनं आली.

"शालनताई, राग नका मानू हां. तुम्ही जरा आतल्या खोलीत बसा. माझ्या माहेरची माणसं आलीयेत, उगाच टेन्शन नको. बटण ज्योतिबादादा दाबतील."

शालननं डोळे पुसले. पिशवी उचलून ती आत गेली. तिथं गाद्यांच्या आणि ट्रंकांच्या मध्ये, भिंतीला टेकून, चंद्राबाई बसली होती. हो, घराची मालकीण!

"तुला बी आतच धाडली?" चंद्राबाईनं विचारलं.

"मावशी, तुमी हितं? तुमच्या घरची पूजा न्हवं?"

"नवरा नाय ना मना. जमीन माजी गेली, तवा ह्यो घर झाला. जमीन चालली त्यांना, मी नाय चालत." एवढं बोलून म्हातारीनं पदरानं नाक पुसलं.

शालनच्या डोळ्यांतलं पाणी तिथंच आटलं. तिला संताप आला, स्वतःचासुद्धा.

बाहेर भटजींनी घंटा वाजवली. ज्योतिबानं ऐटीत बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग सगळीच बटणं खाली-वर केली. कुणीतरी फिस्कन हसलं.

"वैनी!" ज्योतिबाची हाक केविलवाणी होती.

शालन चंद्राबाईचा हात धरूनच बाहेर आली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. अर्पिताची आत्या तर साप दिसल्यासारखी मागे सरकली.

"फ्यूज माझ्यापाशी हाय," शालन म्हणाली.

"मग द्या ना दादांकडे," अर्पिता दातओठ खात म्हणाली.

"घ्या भाऊजी. बसवा."

ज्योतिबानं फ्यूजकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"ह्या भिंतींत माझ्या हातानं ओढल्याली वायर हाय, ताई. ती अशुभ आसंल तर भिंती फोडा आन् उपसून काढा. नसंल तर फ्यूज मी बसवनार आन् बटन ह्या मावशी दाबनार. दुसऱ्या कुनी दाबायचं आसंल तर फ्यूज घिऊन मी चालले."

पहिल्या बटणाचा जो मान ती सकाळपासून मागत होती, तोच ती आता देऊन टाकत होती.

कुणाचं मन द्रवलं म्हणता? छे! अर्पिताचे जाडजूड काका घामानं निथळत ओरडले, "अरे लावू द्या की बायांना! जीव जायची वेळ आली!" लगेच चार माना हलल्या. पिढ्यान्‌पिढ्यांचं शास्त्र पंख्याच्या वाऱ्यासाठी गुंडाळून ठेवलं त्यांनी.

शालननं फ्यूज बसवला. चंद्राबाईनं बोट टेकवून बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले आणि कुणीही मेलं नाही.

सूरज मान खाली घालून उभा होता. ठरल्याप्रमाणे त्यानं नारळ ज्योतिबापुढे धरला. शालननं तो मधूनच उचलला आणि पिशवीत घातला.

"आये, हितं बस," सूरज पुटपुटला आणि आईसाठी हॉलमध्येच खुर्ची ठेवली.

मग पंगत बसली. मघाशी मागे सरकलेली आत्या नेमकी पंख्याखालची जागा धरून जिलेब्या हाणत होती.

वाचकहो, हसू नका त्या आत्याला. आज तुमच्याही घरी दसऱ्याचं गोडधोड असेल. पान वाढायला घेण्याआधी एकदा उठा आणि तुमच्या आतल्या खोलीत कोण बसलंय ते बघून या.