दोघी एकाच तारेत

जुन्या मॉडेमच्या काळात इंटरनेट चालू असताना कुणी फोन उचलला की सगळं तुटायचं. तेव्हापासून इंटरनेट लागलं की आमच्याकडे फोनला हात लावायची बंदी. ती अर्थात ह्यांनीच घातलेली.

आज नवा राउटर आला. ह्यांनी भिंतीतून येणाऱ्या फोनच्या तारेला एक काडेपेटीएवढी डबी जोडली. तिच्या एका भोकात फोनची वायर, दुसऱ्यात राउटरची. दिवे हिरवे झाले आणि परदेशातली लेक पडद्यावर केस विंचरताना दिसली.

तेवढ्यात फोन वाजला.

"उचलू नकोस, ती जाईल," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मी उचलला. माझी धाकटी बहीण होती. मी पडद्याकडे पाहिलं, तर लेक केस विंचरतेच आहे.

"मावशी का? तिला सांग, मी जाड झालेय."

मी सांगितलं. मावशी माझ्या कानात हसली, लेक पडद्यावर.

हे गुडघे धरत खाली बसले आणि ती करंगळीहून बारीक तार त्यांनी चिमटीत धरली.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"दोघी आत आहेत," ते हळूच म्हणाले, "आणि ही साधी कोमटसुद्धा नाही गं."