घास तोंडात आहे

“आजी, मेला तो केव्हाच. सोडा आता त्याला.”

“पाय हलवतोय की अजून,” ओत्सुने आजी म्हणाल्या आणि त्यांनी पडलेल्या शत्रूला आणखी चार दणके घातले.

नुकुमिझुने कपाळाला हात लावला. आमच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या बैठकीत, जिथे लोक अंघोळ झाल्यावर दुधाची बाटली घेऊन जरा टेकतात, तिथे भल्या सकाळी हा प्रकार चालला होता. आजींचे केस ओले, खांद्यावर टॉवेल, मांडीवर खेळाचा कंट्रोलर. त्याला त्या रिमोट म्हणतात आणि सगळी बटणं एकदम दाबतात. माकुल सोलण्यात चाळीस वर्षं गेलेली बोटं ती, त्यांना एकेक बटण वेगळं दाबायची सवय नाही. पडद्यावर त्यांची भालेवाली हायाते विजयाने गरगर फिरत होती.

हाचिनोहेत, म्हणजे उत्तर जपानमधल्या आमच्या बंदरगावात, न्हाणीघरं पहाटेच उघडतात, कारण बोटीवरची माणसं पहाटेच परततात. आठपर्यंत ती घरी जाऊन झोपतात आणि मग उरतात ती आमच्याकडची कायमची मंडळी, म्हणजे ज्यांना घरी कुणी वाट बघणारं नाही किंवा वाट बघणाऱ्याची धास्ती आहे. नुकुमिझु दुसऱ्या प्रकारातला. चाळिशी ओलांडलेला, धंद्याने तातामी, म्हणजे जमिनीवर घालायच्या जाड गवती चटया, विणणारा. हल्ली लोक लाकडी फरशी घालतात, त्यामुळे त्याला वेळ भरपूर. ‘सात वाऱ्यांचे शिलेदार’ ही कार्टून मालिका त्याने शाळेत असताना जीव टाकून पाहिली होती. तीस वर्षांनी तिच्यावर मारामारीचा खेळ निघाला, तो त्याने पहिल्याच दिवशी घेतला आणि पहिल्याच आठवड्यात बायकोने त्याला खेळासकट घराबाहेर काढलं. “शिलेदार हवेत की मी,” असं तिने विचारलं तेव्हा हा गडी विचारात पडला म्हणे. मग यंत्र आमच्या बैठकीतल्या टीव्हीला जोडलं गेलं.

पण खरं कारण तेवढंच नव्हतं. त्या मालिकेत माझा नवरा होता.

होता म्हणजे, त्याचा आवाज होता. हिसानोरी तरुणपणी घर सोडून तोक्योला गेला, नूडल्सच्या दुकानात भांडी घासत राहिला आणि कार्टूनला आवाज देण्याचं शिक्षण घेतलं. एवढ्या खटाटोपातून त्याला एक भूमिका मिळाली. दुष्ट सरदाराच्या किल्ल्याचा राखणदार, इवागामे. शिलेदार दारावर चालून येतात तेव्हा हा जाडजूड माणूस जेवत बसलेला असतो. तो हात वर करतो आणि म्हणतो, “थांब. घास तोंडात आहे.” शिलेदार थांबत नाहीत. इवागामे खंदकात पडतो. पुढच्या वेळी पुन्हा जेवायला बसतो, पुन्हा पडतो. तिसऱ्यांदा पडल्यावर तो वर आलाच नाही आणि हिसानोरीही नाही. वडिलांना अर्धांगवायू झाला, बॉयलर पेटवायला माणूस हवा होता, तो परत आला. शेवटच्या नावांच्या पाटीत त्याचं नाव नव्हतं. ‘आणि इतर’ मध्ये होता.

मला हे सगळं आमच्या पहिल्या भेटीतच कळलं. मध्यस्थबाई बाजूलाच बसल्या होत्या आणि याने अर्धं सँडविच तोंडात कोंबून मला तो संवाद म्हणून दाखवला. मध्यस्थबाईंनी डोळे मिटून घेतले. मी मात्र ठरवून टाकलं की करीन तर याच्याशीच. आयुष्यात इतर चांगले निर्णय मी घेतले असतील, पण इतक्या झटकन घेतलेला हा एकच.

तर हा खेळ. त्यात मालिकेतलं झाडून प्रत्येक पात्र होतं आणि मुख्य शिलेदारांचे आवाज तेच, जुने. मग इवागामेचा आवाज कुणाचा? किल्ल्याच्या दारापाशी पोचल्याशिवाय कळणार नव्हतं आणि मध्ये नदीतला आठ तोंडांचा राक्षस होता. नुकुमिझु रोज त्याच्या पाचव्या तोंडापाशी मरायचा.

“मालक, तुम्हीच खेळा की एकदा,” तो गल्ल्याकडे बघून म्हणायचा.

आमचा गल्ला पुरुषांच्या आणि बायकांच्या दारांमध्ये आहे. हिसानोरी तिथे बसतो, किल्ल्या देतो, साबण देतो. “मला कशाला ते,” तो म्हणायचा. “त्यांनी नव्याने घेतले असतील आवाज. माझा कुठे राहतोय.”

“परवानगीचा फोन नाही आला?”

“कुठल्या नंबरवर येणार? तो नंबर नूडलवाल्याचा होता आणि नूडलवाला वारला.”

म्हणजे याने त्यावर विचार केला होता. मी त्याला ओळखते. मनात नसतं तर नूडलवाल्यापर्यंत गाडी गेलीच नसती.

“आम्हाला माहितीय ना पण तुमचा आवाज आहे ते,” नुकुमिझु म्हणायचा. “सगळ्या हाचिनोहेला माहितीय.”

“हाचिनोहे माझ्या बापालाही उत्तम गायक म्हणायचं,” हिसानोरी म्हणायचा. सासरे गायचे तेव्हा कुत्री भुंकायची, हे मी कानांनी ऐकलेलं आहे.

त्याचं दुखणं हे असं होतं. त्या मालिकेच्या टेपा घरच्या ओलीने केव्हाच खराब झाल्या. पाटीवर नाव नाही. गावातली माणसं मानतात ती त्याच्या शब्दावर आणि त्याच्या बॉयलरच्या गरम पाण्यावर. त्या खेळात त्याचा आवाज असता, तर तोक्योत आपण होतो, याचा पुरावा त्याला मिळाला असता. तो हे कधी बोलला नाही. पण आजींनी शनिवारी राक्षसाचं सातवं तोंड उडवलं आणि रविवारी सकाळी गल्ल्यावर बसताना याने केस कापलेले होते आणि अंगात इस्त्रीचा शर्ट होता. न्हाणीघरात, जिथे बाकी सगळे उघडे असतात, तिथे.

“कुणाचं लग्न आहे?” मी विचारलं.

“उकडतंय म्हणून कापले,” तो म्हणाला. मार्च महिना होता, बाहेर बर्फ होतं.

रविवारी बैठक भरलेली होती. आजींनी पदराला हात पुसावेत तसे टॉवेलला पुसले आणि सगळी बटणं दाबली. आठवं तोंड गेलं. नदी ओलांडली. हायाते धावत सुटली आणि समोर किल्ल्याचं दार आलं. दारात तो जाड्या, पुढ्यात भाताची टोपली. त्याने हात वर केला.

“थांब. घास तोंडात आहे.”

आवाज तरुण होता. स्वच्छ, खणखणीत, बातम्या देणाऱ्यासारखा. हिसानोरीचा नव्हता.

बायकांच्या बाजूला कुणीतरी तांब्याने पाणी ओतत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

“छान आहे आवाज,” हिसानोरी म्हणाला. “शब्द अगदी स्पष्ट येतात. मला ते कधी जमलं नसतं.” आणि मला म्हणाला, “जरा गल्ला बघ. बॉयलर बघून येतो.” बॉयलर नुकताच बघून झाला होता.

पडद्यावर इवागामे सोटा घेऊन आजींच्या हायातेवर धावून गेला. आजींनी बटणांवरून हात काढून घेतले. हायाते उभीच्या उभी मार खात राहिली.

“आजी, मारा ना त्याला.”

“कशाला मारू? हा तो नाहीच,” आजी म्हणाल्या. “याच्या तोंडात घासच नाही. उपाशी आहे मेला.”

तेवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. राग त्या नव्या पोरावर नव्हता, त्याचं बिचाऱ्याचं पोट आहे. राग आला तो इस्त्रीच्या शर्टाचा. आदल्या रात्री याने माझ्या नकळत स्वतः इस्त्री केली होती आणि कॉलर तशीच चुरगळलेली राहिली होती, ती मला आत्ता आठवली. खूप वाईट वाटलं मला.

मागे जाऊन बघितलं तर तो बॉयलरसमोर खोक्यावर बसला होता.

“तोक्योला त्यांनी मला सांगितलं होतं,” तो म्हणाला, “घास असल्यासारखं बोल म्हणून. मला ते नुसतं जमेना. मग मी खरंच भाताचा गोळा तोंडात भरला. त्यात ते आंबट उमेबोशीचं फळ होतं बियासकट. बी गिळली गेली. ध्वनिमुद्रणवाला इतका हसला की पुन्हा घ्यावं लागलं.”

“हे तू मला आठशे वेळा सांगितलंयस.”

“हो ना,” तो म्हणाला. “आता पुरे.”

हे ‘आता पुरे’ मला मुळीच मानवलं नाही. रात्रभर मी कूस बदलत राहिले आणि सकाळी भात जरा जास्त लावला.

सोमवारी नुकुमिझु आला तेव्हा मी त्याला कोपऱ्यात घेतलं. “त्या खेळात नुसतं बोलणं बंद करता येतं का? गाणं, मारामारी सगळं राहू दे. फक्त माणसांनी तोंड मिटायचं.”

“येतं की, वहिनी. बायकोने मला तेच तर करायला सांगितलं होतं.” मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढे काही न विचारता कामाला लागला.

मी भाताचा मोठा गोळा वळला, मध्ये खारा उमेबोशी घातला, बी काढून. आता त्याचं वय राहिलेलं नाही. बशी गल्ल्यावर ठेवली.

“खा.”

“आत्ता? गिऱ्हाईक आहे.”

“गिऱ्हाईक अंघोळ करतंय. तू खा.”

त्याने गोळा उचलला. टीव्हीचं तोंड आज गल्ल्याकडे वळवलेलं होतं, हे त्याला दिसलं. आजी दारापाशी पोचल्या. इवागामेने हात वर केला, ओठ हलले आणि आवाज काहीच आला नाही. आजींनी खेळ तिथेच थांबवला. त्यांना एवढं एक बटण वेगळं दाबता येतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

सगळे गल्ल्याकडे न बघता बसून राहिले. हिसानोरी चावत होता. नुकुमिझुने रिकाम्या बाटलीतलं दूध प्यायल्यासारखं केलं.

“मालक,” आजी पडद्याकडे तोंड करूनच म्हणाल्या, “मी दारात खोळंबलेय. माझे पाय दुखतात.”

“थांब,” गल्ल्यावरून जाड, ओला, तांदळाने भरलेला आवाज आला. “घास तोंडात आहे.”

आजींनी खेळ सुरू केला आणि भाल्याने त्याला असा हाणला की तो उडून खंदकात पडला. पडताना हिसानोरीने आरोळी ठोकली. तीस वर्षं आत राहिलेली ती आरोळी, लांब, वरून खाली घरंगळत गेलेली. बायकांच्या बाजूचं दार धाडकन उघडलं आणि टॉवेल धरलेली एक बाई बाहेर डोकावली.

“कोण घसरलं? लागलं का?”

“खंदकात पडले आमचे मालक,” नुकुमिझु म्हणाला.

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि दार लावलं.

त्या दिवसापासून आमच्याकडे हे रोजचं झालं. कुणी दारापाशी पोचलं की मी बशी पुढे करते. कधी हिसानोरी हिशेब करत असतो, कधी कुणाला साबण देत असतो. पडद्याकडे न बघता संवाद टाकतो आणि न बघता पडतो. नुकुमिझु अजून राक्षसाच्या पाचव्या तोंडातच अडकलाय, पण त्याची बायको आता स्वतः यायला लागलीय. ती सहाव्यावर आहे. नवऱ्याला हे सांगायचं नाही अशी तिची आम्हाला ताकीद आहे. तो शेजारीच बसलेला असतो.

एप्रिलमधली एक सकाळ. बंदरावर बांगडा उतरवून एक ट्रकवाला अंघोळीला आला. बाहेरगावचा, चाळिशीचा, आम्ही त्याला पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्याने जोडे काढले आणि हातात धरून तो गल्ल्यासमोर उभा राहिला. नेमक्या तेव्हा आजी दारात पोचल्या होत्या.

“थांब. घास तोंडात आहे,” हिसानोरी म्हणाला.

ट्रकवाला थांबला. आधी त्याला वाटलं आपल्यालाच म्हणाले. मग त्याने टीव्हीकडे बघितलं, तिथे इवागामे खंदकात जात होता. मग पुन्हा हिसानोरीकडे.

“हा तर तो,” तो म्हणाला. “जेवणारा. लहानपणी ओकायामात आम्ही शाळेत डबा खाताना सगळे हेच म्हणायचो. बाईंनी प्रश्न विचारला की वर्गच्या वर्ग हात वर करायचा, थांब, घास तोंडात आहे. बाई रडायच्या बाकी होत्या.” तो हसायला लागला. “अगदी तोच आवाज. तुम्ही कुठून शिकलात हा?”

ओकायामा कुठे, हाचिनोहे कुठे. जवळजवळ जपानचं दुसरं टोक ते. बैठकीत आजींनी रिमोट मांडीवर ठेवला. नुकुमिझु सांगायला उठत होता, त्याला त्याच्या बायकोने बाही ओढून खाली बसवलं.

हिसानोरीने एक हात वर केला, थांब म्हणून, आणि दुसऱ्या हाताने तोंडाकडे खूण केली. ट्रकवाला हसतहसत मान डोलावत, जोडे हातात घेऊन, निवांत उभा राहिला.

मी बशी उचलायला गल्ल्यापाशी गेले होते. याचा घास केव्हाच गिळून झाला होता, मला दिसत होतं. तरी हात वरच होता.