शोकाचं प्रात्यक्षिक

नुसती मानव विकासाची पदवी घेऊन नोकरी मागायला गेलं की कुत्रं विचारत नाही, म्हणून कॉलेजातल्या त्या विभागाने विशेष प्रमाणपत्रं काढली होती: बालसंगोपन, वृद्धसेवा, शोक-समुपदेशन. धाकटीने तिसरं घेतलं, आणि तेही नोकरीसाठी नव्हे. वडील जाऊन दीड महिना झाला होता नि तिच्या डोळ्यांतून पाण्याचं टिपूस आलं नव्हतं. आत्या तर तोंडावर 'दगड' म्हणायची. रडायचं कसं ते इथे तरी शिकवतील, असं तिला वाटलं. वडील गेल्याचं तिने वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं.

प्रात्यक्षिकाला चिठ्ठ्या काढल्या. तिच्या वाट्याला आली वडील गेलेली मुलगी. समोर समुपदेशक म्हणून मैत्रीण, कडेला गुण द्यायला बाई.

"काय होतंय तुला?" मैत्रिणीने पुस्तकी मायेने विचारलं.

"काही नाही. बाबा अंघोळीला जाताना टॉवेल विसरायचे, मग आतून हाका. आता मी रोज सकाळी न्हाणीच्या दाराला त्यांचा टॉवेल लावते. संध्याकाळी तो घडी होऊन कपाटात असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावते. बस्स."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अगं, बाप गेलाय तुझा! भाजीचा भाव सांगितल्यासारखं काय बोलतेस? कुणाला खरं वाटेल हे?"

मग तीच भूमिका मैत्रिणीला दिली. तिचे आईवडील चांगले ठणठणीत. पण पोरीने असा हंबरडा फोडला की बाईंचेही डोळे पाणावले. तिला पैकीच्या पैकी मिळाले, धाकटीला पुन्हा बसायला सांगितलं. तिला वाईटही वाटलं नाही. त्याचीच तिला भीती वाटली.

घरी आई भांडी पुसत होती. "कसं झालं गं?"

"नापास. बाबा गेलेत असं दाखवताच आलं नाही मला. टॉवेलचं सांगितलं, तर बाई म्हणाल्या, खोटं वाटतं."

"कसला टॉवेल?"

"बाबांचा. मी दाराला लावते तो."

आईचा हात थांबला. "तू लावतेस?"

"हो. का?"

"मला वाटायचं, मीच लावते आणि विसरते. कुणी बघायच्या आत काढून ठेवत होते. डोकं फिरलं की काय माझं, या धास्तीने झोप नाही गं मला."

धाकटीला रडू तेव्हाही आलं नाही. पण पोटात कुठेतरी दुखलं, आणि दुखलं याचं तिला बरं वाटलं. तिने दुसरं फडकं घेतलं आणि आईशेजारी उभी राहून ताटं पुसू लागली.

"उद्यापासून नाही लावणार," ती म्हणाली.

"लाव," आई म्हणाली. "मी काढणार नाही."