आरशातली डावी बाजू

आमच्या दुकानात केस कापायला बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यामागे डोंगर असायचा. दार डोंगराकडे आणि आरसा दारासमोर, मग दुसरं काय होणार? एखाद्याला टक्कल असलं की शिखराच्या बरोबर खाली चमकायचं. वर चढणाऱ्या माणसांचे ठिपके आरशात बघून बघून आमच्या ह्यांना डोंगराची वाट पाठ झाली होती. कात्री चालवता चालवता गिऱ्हाइकाला सांगायचे, "हा काळा कातळ, तिथून डावीकडे, मग ती दोन झाडं, की आलाच माथा." तुम्ही कधी गेलात का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "दुरून डोंगर साजरे. मान सरळ ठेवा."

हिवाळ्यात ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारले, जीभ तर बिघडलीच नव्हती, पण उजवा हात थरथरत राहिला. हे जे वरच्या खोलीत जाऊन बसले ते बसलेच. खाली दुकान, वर हे, मध्ये लाकडी जिना. डॉक्टर म्हणाले, चाला, माणसांत या, नाहीतर पायही चालणं विसरतील. त्यावर ह्यांचं उत्तर, "थरथरता न्हावी बघायला तिकीट लावू का?" मी मात्र रोज सकाळी शटर उघडून नसलेले केस झाडायचे. रडू यायचं, खोटं कशाला बोलू? त्याहून जास्त राग यायचा.

त्याच रागाच्या भरात एक दिवस मी जाहीर केलं, "मी डोंगर चढणार. दुपारी माथ्यावरून आरसा चमकवणार. तुम्ही खाली रस्त्यावर यायचं आणि दुसऱ्या आरशाने उत्तर द्यायचं."

"आधी स्वतःचे गुडघे बघ."

"माझे गुडघे मी बघते. तुम्ही डोंगर बघा."

"मी काही खाली येणार नाही. वाट बघत बसू नकोस." एवढं बोलून ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळाने भिंतीलाच म्हणाले, "काळ्या कातळापाशी डावीकडे वळ. विसरशील."

सोबतीला माझी नणंद आली. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, का ते तिच्याबरोबर पाच मिनिटं चाललं की कळतं. पिशवीत मी गोल हातआरसा घेतला होता. गिऱ्हाइकाच्या मानेमागे हाच धरून हे विचारायचे, "मागे ठीक आहे ना?"

खालच्या झाडीत धुकं होतं. भिंगरी दोन पावलं पुढे गेली की नुसता तिचा आवाज उरायचा. गवतात किडे कात्रीसारखे कचकच करत होते, आणि मला कुठून कोण जाणे दाढीच्या साबणाचा वास येत होता. चढ असा की गुडघा हनुवटीला लागावा. धाप लागली, कान बंद झाले, आणि मला वाटायला लागलं की आपण आरशातच चढतोय. तिकडे खुर्चीत कुणीतरी मान खाली घालून बसलंय आणि त्याच्या कानाच्या वर आम्ही दोन ठिपके हळूहळू सरकतोय. ह्यांनी फुंकर मारली तर केसासारखे उडून जाऊ. गंमत म्हणजे भीती वाटत नव्हती. बरं वाटत होतं.

काळा कातळ आला. आम्ही डावीकडे वळलो. वाट बारीक झाली, मग नुसती खडी लागली, आणि एकदम माझ्या पायाखालचे दगड निसटले. भिंगरीने दंड धरला म्हणून वाचले. दगड कितीतरी वेळ खाली जात राहिले. समोर सरळ भिंत, वाट नाहीच.

"दादाने आज आपल्याला पोचवलंच असतं!" भिंगरी पांढरीफटक पडली होती.

मी खाली बसले आणि मला हसू फुटलं. "अगं, ह्यांनी हा डोंगर जन्मभर आरशात बघितलाय! ह्यांचं डावं म्हणजे आपलं उजवं!"

हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. परत कातळापाशी येऊन उजवीकडे वळलो, तर पायवाट आमचीच वाट बघत पडली होती. दोन झाडंही भेटली.

"वहिनी," भिंगरी म्हणाली, "दादाचं सगळं उलटं धरायचं, तर मग 'येणार नाही' म्हणाला ते?"

मी पिशवी खांद्यावर सारली आणि तिच्या पुढे झाले.

शेवटचा टप्पा हातापायांवर चढलो. माथ्यावर वारा आणि ऊन, खाली कडधान्यासारखी सांडलेली घरं. पाण्याच्या टाकीवरून आमचा रस्ता सापडला. मी आरसा धरला, उन्हात तिरका केला, पुन्हा पुन्हा चमकवला. खाली काहीच नाही. हात भरून आला. ऊन कलायला लागलं. मला त्या जिन्याचा इतका राग आला, की वाटलं घरी जाऊन कुऱ्हाडीने फोडावा.

"चल वहिनी," भिंगरी हळूच म्हणाली, "उतरायला उजेड हवा."

मी आरसा पिशवीत टाकला. आणि टाकीच्या खाली, रस्त्यावर, काहीतरी लुकलुकलं.

"अगंबाई!" भिंगरीने माझा हात आवळला. मग जरा थांबून म्हणाली, "वहिनी, फार आशा लावू नकोस. दादाने समोरच्या शिंप्याच्या हातात आरसा दिला असेल. खिडकीतून हाक मारून."

मी बघत राहिले. तो उजेड लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. एका जागी काही केल्या ठरत नव्हता.

"शिंप्याचा हात एवढा हलत असता," मी म्हणाले, "तर त्याच्या सुईत कधी दोरा गेला असता का?"

भिंगरी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मी घाईघाईने आरसा बाहेर काढला, दोन्ही हातांनी वर धरला आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो, मागे ठीक आहे ना?"

भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, तो उजेड थरथरत राहिला.