लुर्दसचा ओटा

भाद्रपद अमावास्येच्या सकाळी खाडीच्या बांधाचे काम पाहणाऱ्या प्रभाकरने ठाण्याच्या रेल्वेपुलावरून आणलेली उंचीची पातळी कोलशेतच्या क्रुसाशी ताडून पाहिली. चौदा इंचांचा फरक आला. त्याने दुर्बीण पुन्हा लावली. पुन्हा चौदाच.

क्रुसाच्या दगडावर जुन्या मोजणीदारांनी एक आडवी खूण कोरली होती. पुलावर उंचीचे शून्य धरलेले होते, त्यापासून तिची उंची ठरलेली होती. त्या खुणेवरून खाली मोजून प्रभाकरने खाडीत भरतीची पट्टी उभी केली, वर्षभर तिच्यावर पाणी वाचून घेतले आणि त्या आकड्यांवरून नव्या बांधाची उंची ठरवली. बांध घालताना पातळी मात्र थेट पुलावरून आणली. दोन्हींचे शून्य एकच आहे, हे तो धरून चालला होता. पडताळणी राहिली होती, ती आज झाली.

पट्टी वाचणारा इनास बांधावर बसून विडी ओढत होता.

“इनास, क्रुसाचा दगड कोणी हलवला?”

“हलवला नाय, भाऊसाहेब. उचलला. माझ्या लुर्दसचा नवस होता, पोटी पोर राहावं म्हणून क्रुसाचा जुना ओटा उंच केला. दगड तोच हाय. चुना लावताना तुमची खूण पण सोडली मी.”

“कधी झालं हे?”

“पट्टी लावायच्या आधी. तुम्हीच म्हणालात ना, ओटा झकास झालाय.”

म्हणाला होता खरा.

दगड चौदा इंच वर गेला, म्हणून पट्टीही तेवढीच वर बसली आणि वर्षभर पाणी तेवढे कमी वाचले गेले. मोठ्या उधाणाच्या वर बांध नऊ इंच ठेवला होता; खरे तर तो पाच इंच खालीच होता. तो उन्हाळ्यात उभा राहिला. असे उधाण बांधाने अजून पाहिले नव्हते. आजचे भर दुपारी भरणार होते, आणि सकाळ सरत आली होती.

“लुर्दस कुठे आहे?”

“घरात. बाळंतीण कुठं जाणार?”

घर बांधाच्या पायथ्याशी होते. बांधाच्या भरवशावर इनासने ते यंदाच खाली आणले होते.

“तिला उचल. आत्ता.”

इनास हसला. “बांध तुमचाच ना, भाऊसाहेब?”

“माझाच आहे. म्हणून सांगतोय.”

इनासची विडी खाली पडली.

वारा नव्हता. ऊन स्वच्छ होते. बाळाला फडक्यात गुंडाळून, लुर्दसला दोन्ही बाजूंनी धरून ते बाहेर पडले, तेव्हा पाणी बांधाच्या माथ्यावरून पातळ पदरासारखे उतरत होते. आवाजसुद्धा नव्हता. मग आतल्या उताराची माती विरघळू लागली, आणि पाणी सोडायच्या उघाडीजवळ बांध एकदम बसला. गावाकडची पायवाट भाताबरोबर दिसेनाशी झाली. जवळ उंच असे एकच ठिकाण होते.

लुर्दस ओट्यावर चढून क्रुसाला पाठ लावून बसली. दोघे पुरुष खाली कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले.

“आणखी किती चढंल?” तिने विचारले.

प्रभाकरने खुणेकडे पाहिले. तिची खरी उंची त्याला आज प्रथमच ठाऊक होती. “ओट्याच्या कडेपर्यंत.”

“मागं पण तुम्ही सांगितलेलं. घर खाली आणा म्हणून.”

इनास ओट्याची कड धरून होता.

पाणी त्यांच्या छातीला लागले. ओट्याच्या कडेला लागले. लुर्दसने पाय वर घेतले, बाळाला खांद्यावर घेतले. तिच्या लुगड्याचे टोक भिजले. पाणी तिथेच, जुन्या ओट्याहून चौदा इंच वर, थांबले, आणि बराच वेळ उतरेना.